शनिवारपर्यंतचा चिखल

गोदावरीच्या अलीकडं, काळ्या मातीच्या मुलखात एक लहानशी ख्रिस्ती मंडळी होती. तिथं एकदा एक तरुण प्रचारक नेमून आला. नाव सुबोध. शहरात राहून शास्त्राचा अभ्यास केलेला, आवाज गोड, वागणं नम्र. गावानं रिवाजाप्रमाणं त्याला मास्तर म्हणायला सुरुवात केली. पाळकसाहेबांकडे आसपासची बरीच गावं होती, ते महिन्यातून एकदाच येत. त्यांनी सुबोधला सांगितलं, ‘बोलायचं कसं ते तू शिकून आलास. आता राहायचं कसं ते शीक. सगुणामावशीच्या मागं मागं फिर, आणि रात्रीची भाकरी तिच्याकडं खा.’

सगुणामावशी तरुणपणी बायबल-बाई होती. खांद्याला पिशवी लावून उन्हातान्हात दारोदार जायची आणि बायाबापड्यांना प्रभूच्या गोष्टी सांगायची. आता पाठ वाकली होती, पण जीभ वाकली नव्हती. गावातली कितीतरी लग्नं तिनं जुळवली होती आणि मोडत आलेली काही सांधली होती.

त्या मंडळीत एक सुंदर चाल होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर मोडायची आणि प्याला घ्यायचा तो पवित्र विधी असे. त्याच्या आदल्या दिवसाला म्हणायचे समेटाचा शनिवार. त्या दिवशी दुपारनंतर लहानथोर सगळे घराबाहेर पडत, एकमेकांच्या दारी जात, हात जोडत आणि म्हणत, ‘माझं काही चुकलं असेल तर क्षमा कर.’ समोरचा म्हणे, ‘केली, तूही कर.’ मनात किल्मिष ठेवून प्रभूच्या मेजाशी बसू नये, म्हणून फार वर्षांपूर्वी कुण्या पाळकानं ही रीत घालून दिली होती.

रीत सोन्यासारखी, पण माणूस सोन्यालाही गंज चढवतो. होता होता काय झालं, की लोक भांडणं शनिवारसाठी साठवू लागले. दोघी जावा भिंतीवरून भांडल्या की एक म्हणायची, आता नाही बोलायचं, शनिवारी बघू. आणि दुसरी म्हणायची, मग आणखी दोन शब्द ऐकून घे, शनिवार आहेच. केराबाईनं तर शेजारणीची चाळणी नेली ती महिनाभर वापरली आणि शनिवारी क्षमा मागून परत दिली. रविवारी पुन्हा नेली.

सुबोधला मात्र पहिला शनिवार पाहून गहिवरून आलं. सगळं गाव रस्त्यावर, हात जोडलेले, डोळे ओले. त्यात त्याला एकच गोष्ट खटकली. सगुणामावशी कुठंच नव्हती. ती आपल्या दारात बसून उद्याचे पितळी प्याले राखेनं घासत होती. ती कुणाच्या दारी गेली नाही आणि तिच्या दारीही कुणी फिरकलं नाही. सुबोधनं एकाला विचारलं, तर तो हसून म्हणाला, मावशीचं असंच असतं. सुबोधच्या मनात आलं, एवढी जुनी बाई, आणि हिला क्षमा मागायला कुणीच नाही? की मान खाली घालायची नाही?

त्यानं भीतभीत तिलाच विचारलं. ती प्याला उजेडात धरून बघत होती. म्हणाली, ‘तू इथंच आहेस ना अजून? दिसेल.’

आणखी एक कोडं त्याला रोज दिसे. दिवेलागणीला मावशी रानातून नाहीतर कुणाच्या घरून परत यायची. दाराबाहेर एक शहाबादी फरशी होती, तिच्यावर बसून तांब्यानं पाय धुवायची. तसं तर सगळं गावच पाय धुतं. पण मावशीचे पाय धुताना ओठ हलत, कधी हात मध्येच थांबे. आणि मग पुष्कळदा ती घरात शिरण्याऐवजी उठून उलटी चालू लागे. पाय पुसायलाही थांबत नसे. माणूस पाय धुऊन घरात जातं, हिची ओली पावलं फरशीवरून बाहेर गेलेली दिसत. घटकाभरानं परत यायची, पुन्हा पाय धुवायची, मग आत. सुबोधला वाटे, म्हातारपण. काहीतरी विसरत असेल, किंवा गप्पांची ओढ असेल. पाणी मात्र दुप्पट लागतं.

असे महिने गेले. पावसाळा सरत आला. पुढचा समेटाचा शनिवार जवळ आला, आणि नेमक्या त्या आठवड्यात सुबोधच्या हातून एक चूक घडली.

मंडळीत लाजर नावाचा एक ऊसतोड मजूर होता. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळीबरोबर कारखान्याकडं जायचा, तो उन्हाळ्यात परत यायचा. पण गावात असला की भजनाला मंडळीची ढोलकी तोच वाजवायचा. पूर्वी कधीतरी तो प्यायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाप्तिस्मा घेतल्यापासून थेंबालाही शिवला नव्हता, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण पहिली गोष्ट लोक लवकर सांगतात, म्हणून नव्या मास्तरांना तेवढीच कळली होती.

रविवारी संध्याकाळी भजनाला लाजर उशिरा आला. डोळे लाल, पाय लटपटत, ढोलकीचा ठेका पुन्हा पुन्हा चुकत होता. दुसऱ्यांदा गाणं फिसकटलं तेव्हा सुबोध उठला आणि सगळ्यांच्या देखत त्यानं लाजरच्या मांडीवरून ढोलकी उचलून घेतली. म्हणाला, ‘शुद्धीत असशील तेव्हा ये.’ लाजर भिंतीला धरून उभा राहिला आणि निघून गेला.

सोमवारी पाण्यावर लाजरची बायको शेवंता भेटली. तिनं हंडा डोक्यावर घेतला आणि जाता जाता म्हणाली, ‘मास्तर, दारू नव्हती. थंडीताप होता. गोधडी घेऊन पडला होता. तुम्ही नवे, ढोलकीवाचून तुमचं अडेल, म्हणून उठून आला.’

सुबोधला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तसाच लाजरच्या घराकडं निघाला. वाटेतल्या कडुलिंबापर्यंत गेलाही. तिथं त्याच्या मनात एक विचार आला, आणि विचार किती शहाणा होता बघा: शनिवार आलाच आहे. चूक चारचौघांत केली, तर क्षमाही चारचौघांत मागावी. त्यात खरी नम्रता. तो माघारी फिरला.

त्या दिवसापासून तो मनातल्या मनात शनिवारचं बोलणं जुळवू लागला. मंगळवारी त्यात एक दाखला आला. बुधवारी एक गाण्याची ओळ आली. बोलणं दिवसेंदिवस सुरेख होत चाललं आणि मनाची टोचणी दिवसेंदिवस बोथट. शेवटी शेवटी तर त्याला लाजरचा चेहराही नीट आठवेना, ऐकणाऱ्यांचे चेहरे मात्र स्वच्छ दिसत. प्रार्थनेला बसलं की शब्द येत, पण ते कोरड्या विहिरीत पोहरा आपटावा तसे वाजत. बुधवारीच त्यानं केराबाईला ती प्रार्थनेला उशिरा आली म्हणून टाकून बोलून घेतलं, आणि लगेच स्वतःशी म्हणाला, हेही शनिवारी. गावाची रीत त्याला बघता बघता लागली होती.

मावशीनं एकदाच विचारलं, ‘लाजरकडं जाऊन आलास?’

‘शनिवारी जाणार आहे मावशी.’

‘बरं,’ मावशी म्हणाली, आणि भाकरी उलटली.

गुरुवारी परतीचा पाऊस पडून गेला. काळ्या मातीचा चिखल ज्यानं तुडवलाय त्यालाच ठाऊक, पायाला बूट घातल्यासारखा चढतो आणि सोडत नाही. सुबोध शेजारच्या वस्तीवरच्या आजारी माणसाला भेटून, वहाणा हातात घेऊन, पोटऱ्यांपर्यंत माखून मावशीच्या दारी आला. आतून पिठल्याचा वास येत होता. फरशीवर रोजच्या जागी तांब्या दिसेना.

‘मावशी, पाणी कुठंय?’

मावशी उंबऱ्यात येऊन उभी राहिली. तिच्या हातात तांब्या होता. तिनं तो शांतपणे आपल्या मागं, आतल्या बाजूला ठेवला.

‘आज राहू दे,’ ती म्हणाली. ‘शनिवारी धू.’

सुबोधला वाटलं ऐकण्यात चुकलं. ‘काय?’

‘शनिवारी अंघोळ करशीलच की डोक्यावरून. तेव्हा पायही निघतील. रोज रोज कशाला?’

सुबोध हसला. मावशी हसली नाही. तो म्हणाला, ‘अहो पण घरात कसा येऊ? तुम्ही आजच सारवलंय.’

‘मग नको येऊ.’

‘आणि जेवण?’

‘तेही शनिवारी.’

आता त्याला राग आला. दिवसभराचा उपाशी, पावसात भिजलेला, आणि ही म्हातारी चेष्टा करते. तो जरा मोठ्यानंच म्हणाला, ‘मावशी, हा चिखल तोवर वाळेल. मग पाण्यानं निघायचा नाही, खरवडावा लागेल, कातडं सोलून निघेल. आत एखादा काटा असला तर तोही दिसायचा नाही, आतल्या आत पिकेल. आणि असे पाय घेऊन मी दोन दिवस कुठं फिरू? ज्या घरात जाईन ते घर घाण करीन.’

बोलता बोलता तो गप्प झाला. मग मावशी हळूच खाली बसली, उंबऱ्याला टेकून, आणि बोलू लागली.

‘लेकरा, तुझा बाप्तिस्मा झाला, ती अंघोळ. ती एकदाच असते. ती प्रभूनं घातली, ती कुणी काढून घेत नाही. पण अंघोळ झालेल्या माणसालाही चालावं लागतं. जातायेता धूळ लागते, चिखल लागतो. प्रभूला ते माहीत होतं, म्हणून तर त्यानं कमरेला रुमाल बांधून आपल्या माणसांचे पाय धुतले. नुसते पाय. शनिवारच्या रीतीला मी नावं ठेवत नाही. पण तिच्या भरवशावर आपण सगळा महिना माखलेल्या पायांनी हिंडतो, एकमेकांच्या सारवलेल्या घरातून. आणि शनिवारी काय म्हणतो? माझं काही चुकलं असेल तर. असेल तर? त्या दिवशी ठाऊक होतं की काय चुकलं. महिनाभर वाळलं, आता माती कुठली आणि कातडं कुठलं ते आपल्यालाच कळत नाही, म्हणून म्हणायचं, असेल तर.’

तिनं फरशीकडं बोट केलं.

‘मी रोज इथं बसते. पाय धुताना दिवस आठवते, सकाळपासून. कुठं गेले, कुणाला काय बोलले, काय बोलायला हवं होतं आणि बोलले नाही. जे देवाशी असतं ते इथंच बसून त्याला सांगते. आणि एखाद्या माणसाचं निघालं, तर पाय वाळायच्या आत उठते. वाळले की मन म्हणतं, उद्या. माझी जीभ तुला माहीत आहे, त्यामुळं चालणं पुष्कळ होतं. म्हणून शनिवारी मला जायला दार उरत नाही, की कुणाला माझ्या दारी यायला कारण. प्याले घासायला कुणीतरी लागतंच.’

सुबोध चिखलाकडं बघत उभा होता. फरशीवरून बाहेर गेलेली ती ओली पावलं त्याला एकदम समजली.

तो म्हणाला, ‘मी त्याच्याकडं निघालो होतो मावशी. सोमवारीच. लिंबापर्यंत गेलो होतो.’

‘पाहिलं मी. पाय ओले होते तुझे तेव्हा.’ मग तिनं गावकीची एखादी बातमी सांगावी तसं सांगितलं, ‘मुकादमाचा ट्रक येत्या सोमवारी येणार होता. दुपारी निरोप आलाय, पहाटे येतो म्हणून. लाजरची टोळी उद्या उजाडायच्या आत निघते. उन्हाळ्यापर्यंत नाही आता.’

सुबोधचा हात आपोआप तांब्याकडं गेला. निदान पाय तरी धुऊन जावं.

‘राहू दे,’ मावशी म्हणाली. ‘तिथं मिळेल पाणी.’

लाजरच्या घरापुढं आवराआवर चालली होती. गोधड्या, पातेली, तवा, कोंबड्यांचं खुराडं, तिकडं राहायच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, टाकायचं ताडपत्रीचं गाठोडं. लाजर अजून अशक्तच होता, दोरी आवळताना मध्येमध्ये थांबत होता. मास्तरांना बघून शेवंताचे ओठ मिटले. पण दारी आलेल्या माणसाला पाय धुवायला पाणी द्यायचं, ही रीत भांडणाहून जुनी आहे. तिनं तांब्या आणून लाजरच्या हातात दिला. लाजर म्हणाला, ‘तुम्ही चोळा मास्तर, मी ओततो. एका हातानं हा चिखल निघत नाही.’

सुबोध वाकला. वरून पाण्याची धार पडू लागली. चार दिवस जुळवलेल्या बोलण्यातलं त्याला एक अक्षर आठवेना. तो पाय चोळत खाली बघूनच म्हणाला,

‘लाजरदादा, तू प्यालेला नव्हतास. तुला ताप होता. मी विचारलंसुद्धा नाही, सगळ्यांच्या देखत तुझ्या मांडीवरून ढोलकी उचलली. आणि खरं काय ते कळल्यावरही आलो नाही. शनिवारी सगळ्यांपुढं बोललो तर लोकांना बरं वाटेल, माझ्याबद्दल, म्हणून थांबलो. मला क्षमा कर.’

धार थांबली. शेवंता गाठोड्याजवळ उभी राहून ऐकत होती.

मग लाजर म्हणाला, ‘शनिवारी मी कारखान्याच्या रानात असतो मास्तर. डोक्यावर उसाची मोळी, आणि मोळीखाली तुम्ही. उन्हाळ्यापर्यंत वाहिलं असतं मी तुम्हांला. मोळी निदान गाडीत टाकता येते.’ आणि त्यानं तांब्या वाकडा केला. धार पुन्हा सुरू झाली.

‘आता तुमचंबी सांगा,’ शेवंता म्हणाली.

‘माझं काय?’

‘सांगा म्हणते ना.’

लाजरनं डोकं खाजवलं. मग बांधलेल्या गोधड्यांची गाठ सोडली, आणि मधल्या गोधडीतून चर्चची ढोलकी बाहेर काढली. मंगळवारी दुपारी, मास्तर नसताना, त्यानं ती नेली होती. म्हणाला, ‘म्हटलं, मला वाजवू देत नाहीत ना, मग कुणीच वाजवू नये. ताप होता हे खरं. पण हे काही तापात केलं नाही. शुद्धीत केलं.’

सुबोधला हसू आलं, मग लाजरला, आणि मग शेवंतालाही, पण तिनं तोंड फिरवलं. सुबोध म्हणाला, ‘घेऊन जा. तिकडं कोपीवर भजन करा संध्याकाळी.’

‘नको,’ लाजर म्हणाला. ‘ती मंडळीची आहे. उन्हाळ्यात येईन तेव्हा सगळ्यांच्या देखत माझ्या मांडीवर ठेवा. उचलली होती तशीच.’

तिघांनी तिथंच, पसरलेल्या सामानाच्या मध्ये उभं राहून प्रार्थना केली. सुबोधचे शब्द मोजके होते, पण पोहरा यावेळी भरून वर आला.

ढोलकी सदऱ्याखाली झाकून तो परत आला, तेव्हा मावशी दारातच होती. फरशीवर रोजच्या जागी तांब्या भरून ठेवला होता. तिनं ढोलकीकडं पाहिलं आणि म्हणाली, ‘दोघांचंही निघालं म्हणायचं. धू आता, पिठलं थंड होतंय.’

सुबोध फरशीवर बसला आणि पायांकडं बघतच राहिला. लाजरच्या दारात स्वच्छ झालेले पाय, तेवढ्या वाटेत पुन्हा घोट्यांपर्यंत माखले होते.

‘मावशी,’ तो म्हणाला, ‘आत्ताच तर धुतले होते.’

‘चालत आलास ना?’

‘म्हणजे हे रोजचंच?’

‘वाट संपेपर्यंत,’ मावशी म्हणाली. ‘पाणी कमी पडायचं नाही, ते भरणारा दुसरा आहे. आपण फक्त तांब्याला हात घालायचा.’

सुबोध पाय धुऊ लागला. धुता धुता त्याचा हात मध्येच थांबला. आत पिठलं होतं, भाकरी होती, आणि पोटात भूक होती. पण केराबाईचं घर चारच दारं सोडून होतं.

मावशी आतून ताट वाढून घेऊन आली, तेव्हा फरशीवर कुणी नव्हतं. नुसती ओली पावलं होती, बाहेर गेलेली. तिनं ताटावर दुसरं ताट झाकलं आणि तांब्या पुन्हा भरून ठेवला.

त्या समेटाच्या शनिवारी प्याले घासायला दारात दोघं होते. आणि आपलं म्हणाल, तर दिवा लावायच्या आत एकदा आपल्या पायांकडं बघावं, एवढंच.